चौदावी सुपारी

मालतीवहिनी दिघ्यांनी मुंबई चाळीस-पन्नास वेळा तरी पाहिली असेल, पण सगळी पाठमोरी. म्हणजे असं, की दिघे सर आम्हाला व्हीटी स्टेशनच्या फाटकावरचा दगडी सिंह दाखवत असायचे, आम्ही सगळ्या माना वर करून बघत असायचो, आणि वहिनी सिंहाकडे पाठ करून आमच्यासमोर उभ्या. उजव्या हाताचं बोट हवेत हलतंय, ओठ हलतायत. एक, दोन, तीन, चार. आम्हाला मोजतायत.

पनवेलला वडाळे तळ्याच्या मागच्या बाजूला आमची बिल्डिंग. तळमजल्याला आम्ही, वर दिघे. सरांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि रिटायर झाल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांचं म्हणणं, पनवेलचा माणूस मुंबईला जातो तो नोकरीला, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर दादरला साड्या घ्यायला. मुंबई बघायला कुणी जातच नाही. म्हणून त्यांनी एक दिवसाच्या सहली सुरू केल्या. छोटी बस ठरवायची, सकाळी निघायचं, जुन्या इमारती बघायच्या, संध्याकाळी घरी. "मान वर करा," सर म्हणायचे. "मुंबई पहिल्या मजल्याच्या वर सुरू होते. खाली नुसती दुकानं."

बोलणार सर, मोजणार वहिनी. अशी वाटणी होती, आणि ती कुणी ठरवलेली नव्हती. सर बोलायला लागले की त्यांना जगाचं भान नसायचं. एकदा तर टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बोलता बोलता मागे मागे सरकत ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घोळक्यात जाऊन उभे राहिले आणि तिथे सांगायला लागले. त्या लोकांनी पण ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. वहिनींनी जाऊन त्यांना कोपराला धरून आणलं. "तुम्ही आमच्यातले," म्हणाल्या.

वहिनींचं मोजणं म्हणजे काय सांगू. बसमध्ये चढताना मोजायच्या, उतरताना मोजायच्या, बायका लघवीला गेल्या की बाहेर उभं राहून मोजायच्या. माणसाला त्या 'नग' म्हणायच्या. "कुसुम, एक नग कमी आहे गं," असं म्हणाल्या की मी शोधायला धावायचे, आणि तो नग कुठेतरी कैरीच्या फोडी विकत घेत उभा असायचा. माणूस मोजल्याशिवाय त्या बस हलू देत नसत. ड्रायव्हर रफिकभाई त्यांना ओळखून होता. वहिनींनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली की मगच तो गिअर टाकायचा.

एकदा आम्ही जवळच कर्नाळ्याला गेलो होतो. एकवीस जण. जेवायला बसलो तर वहिनींच्या मोजणीत बावीस! त्यांनी तीनदा मोजलं. बावीसच. आम्ही म्हटलं, वहिनी, जास्त आहे ना, कमी तर नाही, बसा जेवायला. पण छे. एकेकाच्या तोंडाकडे बघत निघाल्या आणि आमच्यात बसून घावन खात असलेल्या एका म्हाताऱ्यापाशी थांबल्या.

"आजोबा, तुम्ही कुणाचे?"

"मी डोंबिवलीचा," आजोबा म्हणाले.

वहिनींनी त्यांना घावन संपवू दिलं. मग हाताला धरून पलीकडच्या झाडाखाली बसलेल्या डोंबिवलीच्या मंडळींकडे नेलं आणि त्यांच्या पुढाऱ्याला असं काही झाडलं! "तुमचा नग आमच्यात अर्धा तास बसला होता. तुम्ही मोजलंच नाही? उद्या माणूस दरीत गेला तरी तुम्हाला घरी गेल्यावर कळणार."

हे आम्ही कितीतरी वर्षं हसत हसत सांगायचो.

पण एक गोष्ट हसत सांगायची नव्हती, ती पण सांगते. त्यांच्या सासूबाई वारल्या तेव्हाची. पुरुष मंडळी स्मशानातून परत आली. दारात पाय धुवायला बादली ठेवलेली, आणि बादलीशी उभ्या राहून वहिनी आत येणाऱ्यांना मोजतायत. मी हळूच म्हटलं, वहिनी, आज तरी राहू दे. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गेले तेवढे परत यायला हवेत, कुसुम. एक सोडून."

मी निमूटपणे बादलीत पाणी ओतत राहिले.

मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी सर न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून दीड महिन्याने घरी आले ते काठी टेकत, आणि वाचा गेलेली. समजायचं सगळं. डोळे तेच, लखलखीत. पण शब्द म्हणून एकच उरला होता, 'थांबा'. शाळेत आणि सहलीत तो शब्द ते हजार वेळा बोलले असतील. थांबा, घाई करू नका. थांबा, इकडे बघा. तेवढाच कुठेतरी आत अडकून राहिला. भूक लागली की थांबा, पंखा लावा म्हणायचं तरी थांबा, आनंद झाला तरी थांबा. पहिल्या पहिल्यांदा आम्ही खरंच थांबायचो. मग सवय झाली. शेजारी टीव्ही चालू असावा तसं झालं ते. कानावर पडायचं, पण ऐकत कुणीच नव्हतं.

त्यांचा मुलगा निनाद बंगळुरूला असतो. वाईट नाही हो मुलगा. रोज फोन करायचा. त्या वर्षी श्रावणात मी वर गेले होते, वहिनींचे हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर लावलेला. म्हणून मला हे सगळं ठाऊक.

"आई, तुला एकटीला जमणार नाही. पुण्याजवळ चांगलं सेवाकेंद्र आहे. मी बघून आलोय. नर्स असते चोवीस तास."

"मला जमतंय."

"आज जमतंय. उद्या ते जिन्यात पडले तर? गॅस सुरू राहिला तर?"

"राहत नाही गॅस सुरू. मी दोनदा बघते."

"आई, माणूस चुकतो."

वहिनी कणीक तिंबत होत्या त्या थांबल्या. म्हणाल्या, "ठीक आहे. माझ्या हातून एक चूक होऊ दे. एक. त्या दिवशी मीच तुला फोन करीन, ये आणि घेऊन जा म्हणून. तोवर हा विषय काढायचा नाही."

निनादला वाटलं असेल, आईने सुटकेची वाट ठेवली. मला तेव्हाच वाटलं, या बाईने स्वतःच्या गळ्यात काहीतरी अडकवून घेतलं. ती नुसतं बोलायचं म्हणून बोलणारी नव्हती.

आणि भाद्रपदात वहिनींनी सहल काढली. मुंबईची. सर आजारी पडल्यानंतरची पहिली. म्हणाल्या, "त्यांना इमारती बघायच्या आहेत. तोंडाने सांगत नाहीत, पण पेपरात फोटो आला की बोट ठेवून बसतात." सांगणार कोण, तर त्या स्वतः. सरांच्या वह्या होत्या, बारीक अक्षरातल्या. पंधरा दिवस मी खालून ऐकत होते, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वहिनी पाठ करतायत, "ही इमारत बांधायला दहा वर्षं लागली, हिचा दगड कुर्ल्याचा." एखादं चुकलं की वरून सरांचा आवाज, "थांबा!" तेवढा मात्र अगदी वेळेवर यायचा.

दिवस पितृपक्षातला निघाला. लग्नसराई नाही, म्हणून रफिकभाईची बस मोकळी. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी शेवंताबाई, उरणकडची, ती पण यायची होती. सकाळी सहाला आम्ही बसपाशी जमलो. वहिनींनी मोजलं. सर धरून, स्वतःला धरून, तेरा.

शेवंताबाईने पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.

"तेरा? नाय वैनी. पित्राचा पंधरवडा, न् तेरा मानसा? आमी काय कुनाच्या तेराव्याला निंगालोय?"

"शेवंता, चढ गं. येणारी एक आयत्या वेळेला तापाने झोपली, मी काय करू?"

"मना नाय पटत. घेवा एक सुपारी. चौदा करा."

आपल्याकडे करतातच ना, तिघं जायला निघाले की बरोबर खडा नाहीतर सुपारी घ्यायची आणि चौथं माणूस म्हणायचं. तसंच. कुणीतरी वर जाऊन देवातली सुपारी आणली. वहिनींनी तिला हळदकुंकू लावलं, पदराच्या टोकाला बांधलं. "झाली गं बाई चौदावी," म्हणाल्या. सगळ्या हसल्या. सर मात्र बसमध्ये चढेनात. काठी रोवून उभे. थांबा, थांबा, थांबा. दोघींनी धरून त्यांना मागच्या लांब सीटवर बसवलं, पाय पसरता यावा म्हणून, अंगावर त्यांची तपकिरी शाल टाकली. वहिनींनी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

हवा अशी होती की पानसुद्धा हलत नव्हतं. पाऊस येत नव्हता आणि जातही नव्हता. नव्या सागरी पुलावरून आम्ही शिवडीकडे निघालो. दोन्ही बाजूला राखाडी पाणी, मध्ये आमची बस, पुढे कुठे काठ दिसेना. शेवंताबाई खिडकीतून पाणी बघत होती. तिचा जन्म पाण्यावर गेलेला. म्हणाली, "पानी आज उगाच गप हाय."

"आता बोललीस तर खाली उतरवीन," मी म्हटलं.

"हितं कुठं उतरवशील गो? हितं थांबाला जागाच नाय."

व्हीटी बघितलं. क्रॉफर्ड मार्केट बघितलं. टाउन हॉलच्या पायऱ्या सर एकेक करून चढले, एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी. पहिल्या ठिकाणी वहिनी अडखळल्या, वही उघडली, पानं सापडेनात. पण दुपारी गेटवेपाशी त्यांनी वही मिटूनच ठेवली आणि बोलायला लागल्या. आणि काय बोलल्या हो! सरांचीच वाक्यं, पण मधेच स्वतःचं घालायच्या. "इथे राजाराणी उतरले म्हणे. त्यांना उतरताना कुणी मोजलं असेल का?" असं काहीतरी. आम्ही खो खो हसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड इमारतीकडे होतं आणि पाठ आमच्याकडे. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी काहीतरी टोचलं पण. काय ते तेव्हा कळलं नाही.

मोजत होत्या त्या, मोजत नव्हत्या असं नाही. दर वेळेला बसच्या दारात उभ्या राहून "बारा, तेरा," आणि पदराची गाठ चाचपून "चौदा." मग थाप. दुपारनंतर पदर सारखा ओढला जायला लागला म्हणून त्यांनी सुपारी सोडून रफिकभाईच्या हवाली केली. त्याने ती समोर काचेपाशी ठेवली. "भाभी, ही माझी पॅसेंजर. हिला फ्रंट सीट," म्हणाला.

शेवटचं ठिकाण बाणगंगा. वाळकेश्वरला, सगळ्या श्रीमंत उंच इमारतींच्या पोटात ते जुनं तळं आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पितृपक्ष, त्यामुळे काठावर ठिकठिकाणी श्राद्धं चाललेली. मुंडन केलेले पुरुष, दर्भ, पिंड, आणि कावळे. इतके कावळे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. कठड्यावर, दीपमाळेवर, विजेच्या तारांवर, आणि सगळे चूप. पाणी हिरवं, दाट. त्यावर फुलं आणि भात तरंगत होता.

"चला, बगून झाला," शेवंताबाई म्हणाली. "आता घरला."

पण वहिनींना सांगायचं होतं. सरांना त्यांनी दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसवलं. दिवसभर सरांचा हात माझ्याकडे होता, तो मी तिथे सोडला. वहिनी पायऱ्यांवर उभ्या राहून बोलल्या. समुद्र इतका जवळ असून इथलं पाणी गोडं कसं, बाण मारून गंगा कशी काढली, सगळं. श्राद्धाला आलेली दोन माणसंसुद्धा ऐकत थांबली. बोलून झाल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींचा चेहरा असा फुलला होता, की मी तो लग्नातल्या फोटोतसुद्धा पाहिला नाही.

आणि पाऊस आला. थेंब थेंब नाही, एकदम. कावळे एकदम उठले. पळापळ झाली. छत्र्या, पिशव्या, चपला हातात. बस वरच्या रस्त्याला, गल्लीतून चढ चढून जायचं. मी मागे वळून बघितलं तेव्हा वहिनी सरांच्या दिशेनेच जाताना दिसल्या. म्हटलं, चला, त्या आणतील. वहिनींनी नंतर सांगितलं, त्या पायाला लागलेला भात धुवायला नळाकडे वळल्या होत्या. त्यांना वाटलं, सरांचा हात कुसुमच्या हातात असणार, दिवसभर होताच की.

बसमध्ये सगळ्या निथळत होत्या. मी ओल्या पिशव्या मागच्या लांब सीटवर टाकल्या. कुणीतरी त्यावर अजून चार टाकल्या, आणि त्या घसरू नयेत म्हणून की काय, सीटवर राहिलेली सरांची शाल वरून पसरली. वहिनी दारात आल्या. केसांतून पाणी गळतंय, पण तोंडावर अजून ते हसू. हात पुढे करून त्यांनी पहिल्यांदा काचेजवळच्या सुपारीला बोट लावलं. "एक." मग रफिकभाईच्या मागून सुरुवात. दोन, तीन, चार. मागच्या काळोखाकडे नुसतं बघितलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तेरा."

"तेरा," मी म्हटलं. "आपण तेराच. चला."

थाप वाजली, दोनदा.

बस सुटली तेव्हा मला ऐकू आलं. मागून कुठूनतरी, पावसातून. थांबा. परत एकदा. थांबा. मी म्हटलं, मागे शालीखाली सर उठले वाटतं. आणि काच लावून घेतली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनींनाही नाही.

मरीन ड्राइव्हला बायकांनी गाणी म्हटली. शिवडीला पुलावर चढलो तेव्हा दिवे लागले होते. वहिनी पुढे रफिकभाईशेजारी बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं. सरांची संध्याकाळची गोळी होती. पाण्याची बाटली घेऊन, सीटांना धरत धरत त्या मागे गेल्या. "अहो, उठा," म्हणाल्या आणि शाल उचलली.

मी वळून बघितलं. वहिनींच्या हातात शाल, आणि शालीखाली पिशव्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "रफिकभाई, गाडी फिरवा."

"काय झालं भाभी?"

"सर राहिले. गाडी फिरवा."

रफिकभाईचा पाय ब्रेकवर गेला आणि मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले. "या अल्ला," तो म्हणाला. "भाभी, इथे वळता येत नाही. पूल आहे. पार तिकडे उतरेपर्यंत सीधंच जायला लागेल."

बस पुढे चालली होती, पनवेलकडे, घराकडे, आणि प्रत्येक दिव्याच्या खांबागणिक सर मागे चालले होते. वहिनी मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा मोजलं. बारा. मग काचेपाशी जाऊन सुपारी उचलली, तळहातावर घेऊन बघितली. मला वाटलं आता खिडकीबाहेर भिरकावतील. त्यांनी ती होती तिथेच परत ठेवली, नीट.

शेवंताबाई रडायला लागली. "मीच बोलले घेवा म्हनून. माज्याच तोंडाला आग लागो."

"तू गप बस," वहिनी म्हणाल्या. "तू नाही मोजलंस."

मी पोलिसांना फोन लावला. माणूस सभ्य होता, सगळं विचारून घेतलं. कपडे कसले, उंची किती. "नाव विचारलं तर सांगतील का?" म्हणाला.

"नाही. त्यांना एकच शब्द येतो."

"कोणता?"

मी सांगितला. त्याने तो लिहून घेतला. मग म्हणाला, "माणूस पाठवतो."

पूल संपला, चिरल्याला उतरलो, वळलो, परत पुलावर चढलो. तेच पाणी, आता काळं. पुढे ट्रॅफिक. वहिनी पुढच्या काचेला जवळजवळ नाक लावून बसल्या होत्या. अख्ख्या वाटेत एकच बोलल्या, तेही स्वतःशीच. "पायऱ्यांना शेवाळ आहे."

सव्वाआठ वाजले पोचायला. पाऊस थांबला होता. वहिनी गल्लीतून धावत खाली उतरल्या, बासष्टाव्या वर्षी, ओल्या दगडांवरून. आम्ही मागून. तळ्यावर कुणी नव्हतं. श्राद्धाची माणसं गेलेली. दीपमाळेचा चौथरा रिकामा. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर दोन माणसं दिसली.

एक सर. कमरेपर्यंत भिजलेले. पाय पाण्यात. दुसरी एक फुलं विकणारी म्हातारी, तिने सरांच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

"तुमचे का बाबा?" ती म्हणाली. "तीन वेळा ओढून काढलं. परत परत पाण्यात उतरतात. त्या हवालदाराने वर न्यायला बघितलं, तर त्याला काठी मारली. तो मोठी गाडी आणायला गेलाय. मी म्हटलं, तोपर्यंत मी धरते."

वहिनी सरांच्या समोर गेल्या. पाण्यात उभ्या राहिल्या, साडीसकट. "अहो," म्हणाल्या. "मी आले."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं, चांगलंच ओळखलं. वहिनींनी हात पुढे केला. आणि सरांनी आपला हात मागे घेतला. डावा, चांगला हात. पाठीमागे लपवला, लहान मूल लपवतं तसा. मग त्यांनी तो फुलवाल्या म्हातारीच्या हातात दिला आणि तिला धरून उठले. तोंडातून एक शब्द नाही. तो एकुलता एक शब्दही नाही.

परतीच्या वाटेत बायकांनी ठरवलं, निनादला कळायला नको. माणूस सुखरूप मिळाला, झालं ना. कुणी कुठे बोलणार नाही. शेवंताबाईने देवाची शपथ घातली सगळ्यांना. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. सर खाटेवर, तोंड भिंतीकडे. वहिनींनी पेजेचा चमचा पुढे केला, सरांनी ओठ मिटले. मी चमचा घेतला, त्यांनी खाल्लं. दुपारी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. वहिनी चादर सरळ करायला गेल्या तरी अंग चोरायचे. मला म्हणायला काय जातं, मी म्हटलं, "वहिनी, घाबरलेत ते. चार दिवसांत येतील भानावर."

"भानावरच आहेत," वहिनी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "निनाद, ये आणि घेऊन जा."

"आई? काय झालं?"

"मोजताना चुकले," त्या म्हणाल्या. सगळं सांगितलं. सुपारीसकट, काही न लपवता, जसं काही दुसऱ्याच कुणा बाईबद्दल सांगतायत. पलीकडे निनाद रडत होता. "आई, असू दे गं. होतं असं. मी काही बोलत नाही. राहू दे त्यांना तिथेच."

"नको. माझ्या हातचं खात नाहीत ते."

मी तेव्हा सांगायला हवं होतं, की मला आवाज ऐकू आला होता. तोंडापर्यंत आलं होतं. मी खरकटी भांडी उचलली आणि मोरीत जाऊन घासत बसले.

निनाद रविवारी गाडी घेऊन आला. दसरा अजून लांब होता, सकाळची वेळ, रस्त्यावर भाजीवाले. सरांना खाली आणलं. एका बाजूला निनाद, एका बाजूला मी. वहिनी मागून पिशवी घेऊन, दोन पायऱ्या अंतर राखून. सर आपणहून गाडीत बसले. वहिनींनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली, औषधांचा कागद निनादच्या हातात दिला, कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर. निनाद म्हणाला, "आई, तू पण चल ना. निदान तिथपर्यंत." त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी सरांच्या बाजूचं दार लावलं. लावलं आणि परत उघडलं. सदऱ्याचं टोक दारात सापडत होतं. वाकून त्यांनी ते आत सारलं, अगदी बोटांच्या टोकांनी, सरांच्या मांडीला हात लागणार नाही असं. सर समोर बघत होते. वहिनींनी दार पुन्हा लावलं, या वेळी हळू, आणि नीट लागलंय ना ते एकदा ओढून पाहिलं.

गाडी तळ्याच्या कडेने गेली, वळली. वहिनी रस्त्यात उभ्या होत्या, हात अजून तसाच, दाराच्या मुठीच्या उंचीला. भाजीवाल्याने गाडा वळवून त्यांच्या बाजूने नेला. मी घरात आले. पुन्हा बाहेर बघितलं तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि त्या तिथेच होत्या.

आठवड्याने त्या भावाकडे अलिबागला गेल्या, मी बाजारात असताना. किल्ली माझ्याकडे नाही, शेजारच्यांकडे ठेवून.